मेंढ्यांची घागर

माघ शुद्ध ७, शके १८५२. पाली.

आजच्या दिवसाचा आरंभ तक्रारीने करावा लागत आहे, आणि तक्रार माझ्या नव्या वहाणांविरुद्ध आहे. कोल्हापूरच्या गाडीवानाकडून मुद्दाम मागवल्या. दिसायला राजस, पण पाऊल टाकले की अशा करकरतात की तीन घरे पलीकडची म्हैस कान टवकारते. गोडेतेल पाजले, एरंडेल पाजले, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या. एरंडेलाने भलेभले मऊ येतात. ह्या आल्या नाहीत. मी कुंपणाच्या बेड्याशी पोचायच्या आत घरातली माणसे हातातले काम बदलतात. केरू गडी तंबाखू थुंकून कुदळ उचलतो, अक्का जपमाळ उचलते. एकावन्न वर्षांच्या गृहस्थाला स्वतःच्या घरात काय चालते ते कधीच कळू नये, असा ह्या चामड्याचा संकल्प दिसतो.

दुसरी बातमी मेंढ्यांची. पाठशाळेतले संस्कृत शिकवणे सुटल्यापासून पुण्याच्या एका साप्ताहिकाचा मी इकडचा बातमीदार आहे, तेव्हा बातमी दिसली की नोंदवणे आले. घाटावरचे धनगर भात कापून झाल्यावर आंबा घाटाने उतरतात आणि खतासाठी भाताच्या कुणग्या-कुणग्यांतून मेंढरे बसवतात. भागोजी धनगराचा कळप आज पावसकडे निघाला. त्यातल्या नऊ मेंढ्या वाटेतच व्यालेल्या, चालवेनात. पाडव्यापर्यंत त्या माझ्या खालच्या कुणग्यात राहू द्याव्यात, सोबत त्याची आई हौसा राहील, असे त्याने विनवले. मी हो म्हटले.

घरात बाळंतीण आहेच. मथुरा, माझी एकुलती एक, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. नात राही आज वीस दिवसांची झाली. मी अक्काला म्हटले, "आता आपल्याकडे दहा लेकुरवाळ्या झाल्या."

अक्का म्हणाली, "दिगू, जिभेला हाड नाही तुझ्या." वडील बहीण असल्यामुळे तिला हे म्हणण्याचा अधिकार आहे. मथुरेची आई असती तर हसली असती. तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

माघ शुद्ध ९

हौसा साठीच्या घरातली, काटक, कपाळभर गोंदण. सकाळी मी मेंढ्यांची पाहणी केली आणि मत दिले, "बऱ्या धष्टपुष्ट आहेत की."

ती म्हणाली, "शास्त्रीबाबा, डोळ्यानं नगा बघू. लोकर लबाड असती. हात ठिवा पाठीवर."

ठेवला. कमरेच्या वर, लोकरीत बोटे खुपसून.

"काय लागतंया?"

"हाडे. करवतीच्या दात्यांसारखी."

"मग झालं! ती खाल्लेल्याचं दूध करीना, आपल्या अंगाचं करून पाजतिया. किती दिस पाजंल? अंग सरलं की दूध सरलं. मग कोकरू बी सरलं."

चाळीस वर्षे शास्त्रे घोकली, पण पाठीवर हात ठेवून पाहावे असे कुठल्या सूत्रात आले नव्हते. नऊही पाठी चाचपल्या. सात जणींची करवत लागली. एक काळतोंडी आहे, तिला जुळी. तिच्या पाठीवर तर बोट ठेवायला लाज वाटली.

माघ शुद्ध १२

मेंढ्यांचा आहार हौसाच्या तोंडून लिहून घेतला. कुणग्यातले धसकट आणि कातळावरचे वाळके गवत हे पोट भरायला. दूध यायला उंबराचा नि फणसाचा पाला, भाताचा कोंडा, मूठभर भिजवलेले कुळीथ, चिमूट मीठ. जुळी असेल तिला दुप्पट. आणि सर्वांवर कडी म्हणजे पाणी. "येक डाव चारा कमी घाला, चालंल. पान्याबिगर दूध कुठनं येनार, आभाळातनं?"

तेव्हा व्यवस्था अशी: केरूने सकाळी विहिरीवरून मोठी तांब्याची घागर भरून मागल्या पडवीत ठेवावी, दुपार कलली की ती मेंढ्यांच्या दगडी डोणीत ओतावी, संध्याकाळी पुन्हा एक.

आजोबांच्या हातची वैद्यकाची पोथी माळ्यावर सापडली. कसरीने निम्मी खाल्लेली. पण बाळंतिणीचे प्रकरण शाबूत आहे. त्याचे मराठी करून, चांगल्या बोरूने लिहून, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवले. एक वेळ मऊ भात, तूप, सुंठ. रात्री पेज. पालेभाजी, डाळ, ताक, फळ वर्ज्य. पाणी दिवसातून दोन पेले, तेही उकळून निम्मे आटवलेले. कारण अधिक पाण्याने कोठा सुटतो आणि वायू धरतो. मुदत तीन महिने.

मथुरेने उभ्या उभ्या वाचले. "अप्पा, अक्षर किती सुरेख आलंय!" लहानपणापासून तिला माझ्या अक्षराचे कौतुक.

एका घरात दोन शास्त्रे कशी सुखाने नांदतात, हे संपादकांना कळवले पाहिजे. त्यांचे पत्र आहे: इकडे मिठावरून अर्धा जिल्हा तुरुंगात जाऊन आला आणि आपण मेंढ्यांविषयी लिहिता. उत्तर देईन की मेंढ्यांनीही मिठासाठी कायद्याची परवानगी घेतलेली नाही.

माघ वद्य ३

आज पराक्रम झाला. हौसा उंबराचा पाला आणायला नदीकडे गेली होती. मला काळतोंडीची दया आली. मुठीने गुण येतो तर पायलीने का येऊ नये, असा मी विचार केला. तर्कात दोष नव्हता. भिजवलेले कुळीथ नि तांदूळ तिच्यापुढे ओतले. खाल्ले बिचारीने, कृतज्ञतेने.

दोन घटकांत आडवी झाली. पोट नगाऱ्यासारखे. हौसा आली, पाल्याचा भारा टाकला, मला हाताने बाजूला सारले आणि तिला उठवून कुणगाभर चालवीत राहिली. मधून तेल पाजी, पोट चोळी. सूर्य मावळायला पोट उतरले.

मला वाटले होते शिव्या देईल. एवढेच म्हणाली, "उपाशी जिवाला येकदम घालत न्हाईत, बाबा. आजच्याला चिमूट, उद्याला मूठ. तुमास्नी ठावं नव्हतं. इचारायचं हुतं."

विचारायचे होते. हे खरे. मी शिकवीत आलो ना सारे आयुष्य; विचारण्याची सवय गेली.

माघ वद्य ५

काळतोंडी वाचली, पण दूध आटले. जुळ्यांतले एक कोकरू आज सकाळी गेले. हौसाने ते फडक्यात गुंडाळून नेले. दुसरे तिने दुसऱ्या मेंढीखाली लावले आहे.

साप्ताहिकाला हे कळवलेले नाही.

माघ वद्य ९

घरात चोरी होत आहे, आणि चोरी पाण्याची आहे.

मागल्या पडवीतली घागर सकाळी काठोकाठ असते. दुपारी ओतायला जावे तो पाच-सहा बोटे कमी. तीन दिवस खूण करून पाहिले. केरूला बोलावले.

"केरू, तू ह्या घागरीतले पितोस?"

"मी? शास्त्रीबुवा, माजी कळशी निराळी हाय. मेंढरांचा पानी मी कशाला पिवाचा?"

"मग घागर गळते?"

"गळंल तर खाली वल नसंल काय?"

बिनतोड आहे. म्हणून रीतसर अनुमानाला बसलो. प्रतिज्ञा: घागरीतले पाणी कोणी पितो. हेतू: ते कमी होते आणि जमीन कोरडी राहते. उदाहरण: जसे तपकिरीच्या डबीतली तपकीर, जी अक्का ओढीत नाही असे म्हणते. आता कोण? अक्का तिच्या सोवळ्याच्या तांब्याबाहेर पीत नाही. हौसा दिवसभर कुणग्यात. कावळ्याला सहा बोटे पाणी पेलणार नाही. मथुरा बाळंतिणीच्या खोलीत. तिचे दार त्याच पडवीत उघडते, म्हणून तिला विचारले, कुणाची चाहूल लागते का.

"नाही, अप्पा," ती म्हणाली, आणि राहीला अंगाशी घेतले. तिचे ओठ फुटले आहेत. थंडीचे दिवस, अक्काला तूप लावायला सांगितले.

माघ वद्य १२

आज राहीला चाळीस दिवस झाले. अक्का सकाळीच म्हणाली, "दिगू, चाळीस दिवस आपल्याकडची रीत. आता पोरीला वरण-भात देऊ दे, थोडी भाजी देऊ दे. पाणी पण मागते."

मी पोथी काढून दाखवली. तीन महिने, स्पष्ट लिहिले आहे.

"पोथी लिहिणारा बाळंत झाला होता काय रे?"

अक्का नवव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती ह्याच घरात, मी विधुर. म्हणजे बाळंतिणीच्या आहारावर ह्या घरात वाद घालणारे दोघे हे असे. मी तिला तसे म्हटलेही, हसत. ती हसली नाही. "तुझ्यापुढे कोण बोलणार," म्हणाली नि चुलीकडे वळली.

मथुरेला विचारले. दाराशी वहाणा वाजल्या तशी ती उठून बसलीच होती. "तुम्ही म्हणाल तसं, अप्पा. तीन तर तीन."

गुणी पोर आहे.

फाल्गुन शुद्ध २

चोर धरण्यासाठी दोन दुपारी दबा धरला. पहिल्या दिवशी पडवीच्या वळणावर पोचलो तो आत दाराची कडी लागल्याचा आवाज झाला; मथुरा जागी झाली असावी. घागरीवरचे ताटले हलत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. ह्या वहाणा घालून जगात कोणी चोर धरला नसेल.

शेवटी डोके चालवले. घागर पडवीतून हलवून विहिरीपाशी ठेवली, वर फळी, फळीवर धोंडा. विहीर घरापासून चाळीस पावले आणि वाट अंगणातून, सर्वांच्या डोळ्यांदेखत. येऊ दे आता कोण येतो तो.

फाल्गुन शुद्ध ३

घागर काठोकाठ. मेंढ्या प्रसन्न.

फाल्गुन शुद्ध ८

राही फार रडते. पहाटेपासून सुरू होते ते दुपारी थकून थांबते. अक्काने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. दृष्ट असेल; अशा रडण्यावर शास्त्रात दुसरे काही सापडले नाही.

खाली कुणग्यात मात्र आनंद आहे. पाठी भरत चालल्या. सातांतल्या चौघींची करवत आता बोटाला लागत नाही. कोकरे चारी पायांवर उड्या मारतात. हौसा पाला टाकता टाकता थांबली, घराकडे कान करून उभी राहिली.

"शास्त्रीबाबा, त्ये भुकेचं रडनं हाय."

"दृष्ट आहे. अक्काने काढली."

"लेकीला काय खायाला घालतासा?"

मी म्हटले, "हौसाबाई, माणसाची बाळंतीण आणि मेंढी ह्यांत चार पायांचा फरक आहे. दोन तिचे जास्त, दोन आमचे कमी."

ती हसली नाही. आजकाल माझ्या विनोदांना गिऱ्हाईक कमी. "तसं न्हवं," म्हणाली, "इचारलं आपलं." मग पाला टाकायला लागली.

फाल्गुन शुद्ध १५

शिमगा. ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली. ढोल ऐकून राही दचकेल असे वाटले होते, दचकली नाही. अक्का म्हणाली मथुरेला ओटीवर आणते. दोन पावले आली आणि खांबाला धरून बसली. पालखीने तिच्यापुढे क्षणभर थांबावे असे मानकऱ्यांना सांगितले, ते थांबले.

राही आता फारशी रडत नाही. शहाणी झाली.

फाल्गुन वद्य ७

माझा लेख छापून आला. 'लेकुरवाळीचा आहार'. संपादक लिहितात, तुमच्या मेंढ्यांनी तुरुंगाच्या बातम्यांवर मात केली. दोन वाचकांची पत्रे आली, एकाने शेळ्यांना तेच चालेल का विचारले आहे.

मथुरेला वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होती. पाण्याचा परिच्छेद मी ठसक्यात वाचला: लेकुरवाळीला पाणी हेच अर्धे दूध. तिने डोळे उघडले.

"अप्पा, मेंढ्यांना आज पाणी झालं?"

रोज विचारते. पोरीला माझ्या ह्या उद्योगात रस वाटतो ह्याचे बरे वाटले. म्हटले, "झाले, दोन घागरी."

"बरं झालं," म्हणाली.

जावयांचे मुंबईहून पत्र आहे. राही कोणासारखी दिसते, विचारतात. काय लिहावे? सध्या तिचे डोळेच तेवढे दिसतात.

चैत्र शुद्ध १, शके १८५३

पाडवा. गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला. मथुरा नमस्काराला आली. अंगावर आईचा जुना शालू, दोनदा गुंडाळलेला. ती वाकली आणि मी आशीर्वाद द्यायला तिच्या पाठीवर हात ठेवला.

बोटांना हाडे लागली. एक, एक, एक.

मी हात काढून घेतला नाही. किती वेळ ठेवला कोण जाणे. "अप्पा, उठू ना?" तिने विचारले.

मग गुढी सरळ उभी आहे का पाहायला गेलो.

चैत्र शुद्ध २

सकाळी कुणग्यात गेलो. हौसा गाठोडे बांधीत होती. भागोजीचा कळप उद्या-परवा परत येईल, मग नऊच्या नऊ चालत घाट चढतील. मी बांधावर बसलो. वहाणा काढून ठेवल्या.

"हौसाबाई, एक विचारायचे आहे."

ती गाठोडे सोडून समोर येऊन बसली.

"मथुरेच्या पाठीवर हात ठेवला काल."

ती म्हणाली, "लई उशीर केलासा."

"तुला ठाऊक होते?"

"पोर पडवीत याची की. दुपारच्याला मी पाल्याचा भारा घिऊन वर याची तवा दोनदा बघितली. तुमच्या मेंढरांच्या घागरीला तोंड लावून, गुडघ्यावर बसून प्याची. वाटलं, बाबानंच ठिवलीया तिच्यासाठी, बायकांच्या देखत द्याया लाजत असंल. मला बरं वाटलं. मग घागर हिरीकडं गेली. म्या म्हनलं, शास्त्र असंल तुमचं काय तरी."

मी बांधावरून उठलो.

"रागं नगा भरू तिला," ती म्हणाली. "पान्याचं काय. देवाचं असतं."

वहाणा तिथेच विसरून अनवाणी वर आलो. बाळंतिणीच्या खोलीत आजवर मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नव्हते. बापाने टाकू नये. टाकले. मथुरा राहीला छातीशी धरून बसली होती. राहीच्या तोंडात काही येत नव्हते, आणि ती ओढीतही नव्हती. नुसती तोंड लावून होती.

दाराचा कागद फाडला. घट्ट चिकटवला होता, नखाने खरवडून काढावा लागला. अक्का धावत आली. मी म्हटले, "अक्का, पाणी आण. मोठा तांब्या. साधे. आणि वरण लाव."

अक्काने तांब्या आणला. मथुरेने हातात घेतला, आणि माझ्याकडे पाहून विचारले, "अप्पा, पण पोथीत चालेल ना?"

"चालेल," मी म्हटले. "नीट वाचले नव्हते मी."

एवढेही खरे सांगता आले नाही. नीटच वाचले होते.

ती प्यायली. घोटाघोटाला थांबून, तांब्या दोन्ही हातांनी धरून, तळ दिसेपर्यंत. मग लाजून म्हणाली, "मेंढ्यांना राहिलं ना?"

चैत्र शुद्ध ५

मेंढ्या गेल्या. हौसाने जाताना उंबराच्या पाल्याची एक जुडी उगाच पडवीत ठेवली. मथुरेला ती सांगून गेली की हळूहळू खा, एकदम नको; आज चिमूट, उद्या मूठ. अक्का तिच्या शेजारी बसून भरवते. डाळ, भाजी, नाचणीचे सत्त्व, ताक. केरूने त्याच्या घरची शेळी आणून बांधली. तिचे दूध पाणी घालून आम्ही कापसाच्या बोळ्याने राहीला पाजतो. दोन बोळे घेते, तिसऱ्याला तोंड फिरवते.

आज अक्काशी दुपारभर बोललो. तीस वर्षांत एवढे बोललो नव्हतो. मथुरेच्या आईची तीन बाळंतपणे झाली. मथुरेच्या वेळी ती माहेरी, पावसला होती; त्या घरी पोथी नव्हती. पुढचे दोन मुलगे ह्या घरात झाले, आणि त्या वेळी वडिलांनी पोथी काढली होती. एक दोन महिन्यांचा गेला, एक तीन. आम्ही दैव म्हटले. तिने पाणी मागितल्याचे अक्काला आठवते. मलाही आठवते. मी कुठलेसे वचन ऐकवले होते, आणि ती हसली होती, कारण ती नेहमीच हसत असे.

चैत्र शुद्ध ७

रत्नागिरीहून डॉक्टर आणले. मथुरेला तपासून म्हणाले, ही सुधारेल, तरुण आहे, खाऊ-पिऊ घाला. दूध परत येईल का, विचारले. कधी येते, कधी नाही, म्हणाले. मग राहीला उचलले आणि लगेच खाली ठेवले. तिच्याविषयी काय म्हणाले ते जावयांना कळवले आहे. ते निघतील, पण बोट मुंबईहून कधी सुटते कोण जाणे.

पोथी विहिरीत टाकावी म्हणत होतो. अक्का म्हणाली, "विहिरीत नको रे, पाणी पितो आपण." परत माळ्यावर ठेवली.

चैत्र शुद्ध ९

आज मथुरेला थोडे दूध आले. चार थेंब, अक्का म्हणाली. मथुरेने मला हाक मारून सांगितले, आनंदाने. राहीने ते घेतले नाही. तिला ओढण्याचे बळ नाही. अक्काने थेंब बोटावर घेऊन ओठांना लावले. दुपारपासून ती झोपली आहे, आणि मी दर थोड्या वेळाने उंबऱ्याशी जाऊन तिची छाती हलते का पाहतो.

संपादकांचे पत्र आले आहे, लेखाचा दुसरा भाग मागतात. उत्तर दिलेले नाही.

काही विनोद सुचतो का पाहिले. सुचत नाही. राही वाचणार नाही अशी मला भीती वाटते. आणि ती गेली तर मथुरा मला एक शब्दही बोलणार नाही, याची त्याहून अधिक वाटते.